दिवेलागणीनंतरचं मीठ

"मॅडम, ही लाल चौकट कसली आली?"

हॉटेलचे पर्चेस मॅनेजर तिवारी काउंटरवर ओणवे होऊन आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर मधोमध लाल चौकट, आणि तिच्यात मराठीत लिहिलेलं: "दिवा लागला. मीठ उद्या सकाळी."

कमलनं माऊसवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. बिलं करायचं काम तिचं, पण असं काही आलं की ती माझ्याकडेच बघते. बाहेर कुसगावच्या रस्त्यावर धुकं असं बसलं होतं की समोरच्या मेडिकलची पाटी दिसत नव्हती. तशी चहाची वेळ, पण अंधार पडलाय म्हणून कमलनं नुकताच लक्ष्मीच्या फोटोपुढे दिवा लावला होता. आणि दिवा लावल्यावर, रोजच्या सवयीनं, कॉम्प्युटरवरचं "दिवा लावला" हे बटण दाबलं होतं.

तिवारींचा तांदूळ झाला, डाळ झाली, साखर, पोहे, तेलाचे डबे, सगळं बिलात चढलं. राहिलं फक्त मीठ. आणि खरं सांगायचं तर ते आलेच होते मिठासाठी.

झालं होतं असं. घाटात दरड आलेली. त्यांच्या होलसेलवाल्याचा टेम्पो खाली अडकलेला. शनिवार, हॉटेल गच्च भरलेलं, आणि किचनमध्ये मिठाच्या पिंपाचा तळ दिसायला लागलेला. लोणावळ्याच्या बाजारात गाडी पाठवावी तर सुट्टीच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. गेलेली गाडी परत कधी येईल, देवालाच ठाऊक. आसपासच्या टपऱ्यांवर मिळून दोन-चार पुडे. शंभर-दीडशे माणसांचं जेवण पुड्यांवर होत नाही. आमच्याकडे मात्र मागच्या खोलीत मिठाच्या गोणी लागलेल्या.

आत आल्या आल्या तिवारी म्हणाले होते, "आज जर का माल नीट मिळाला ना, तर महिन्याचा पूरा किराणा तुमच्याकडून. रोज घाटाच्या भरवशावर मी नाही बसू शकत."

हे वाक्य ऐकून कमलनं काउंटरखाली माझा हात दाबला होता. कारण आमच्या भांडाराचं काही खरं नव्हतं. लोक फोनवर सामान मागवायला लागले, मोठी मार्टं झाली, आमची विक्री उतरली. अध्यक्षाबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं की येत्या सभेत गाळा ठेवायचा की सोडायचा ते ठरवू. गाळ्यावर भाड्याच्या स्कूटरवाल्याची नजर होती. गाळा गेला की भांडार गेलं, आणि कमलचं घर त्या काउंटरवर चालतं.

तर अशी ती लाल चौकट.

"चौकट आमचीच आहे," मी तिवारींना म्हटलं. "मीच बसवलीय."

"मग काढा ना!"

आता मी कोण, आणि ही चौकट मी का बसवली, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिवारींना तेव्हा चहा देऊन बसवलं होतं. तुम्हीही बसा.

आमचं महिलांचं ग्राहक भांडार. मी त्यात पहिल्यापासून. आधी रव्याच्या पुड्या बांधायला होते. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं, त्याचं टोक ओढायचं, पुडीला दोन आडे-उभे वेढे मारायचे आणि बोटाला हिसका देऊन दोरा तोडायचा. अजून माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. मग काउंटरवर आले, आणि शेवटी व्यवस्थापिका होऊन रिटायर झाले. रिटायर म्हणजे कागदोपत्री. घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे शनिवारी गर्दीला मी तिथंच असते, आणि कॉम्प्युटर अडला की एरवीही.

कॉम्प्युटर मी शिकले तो कुठल्या क्लासला जाऊन नाही. एका बंद पडलेल्या हॉटेलनं त्यांची जुनी यंत्रं आम्हाला दिली. दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, यात आजचा बिलिंगचा प्रोग्रॅम चालायचा नाही. नवीन मशीन घ्या आणि दरवर्षी प्रोग्रॅमचे पैसे भरा." आमच्याकडे दोन्हीची तयारी नव्हती. तेव्हा तळेगावचे काळोखे सर धावून आले. विज्ञानाचे शिक्षक, शाळेतून निवृत्त झालेले, आणि या मुक्त सॉफ्टवेअरचं वेड घेतलेले. त्यांनी त्याच जुन्या यंत्रावर लिनक्स नावाची मोफत प्रणाली घातली, बिलाचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम घातला, आणि यंत्र गुणी बाळासारखं चालायला लागलं.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे मला सरांनी तासभर समजावलं. मला कळलं ते असं. शिंपी ब्लाउज शिवताना आत माया सोडतो. बाहेरून दिसत नाही, पण पुढं अंग सुटलं तर उसवून मोकळं करता येतं. विकतचे प्रोग्रॅम माया न ठेवता शिवलेले असतात. अंगाला बसलं तर बसलं, नाहीतर दुसरं घ्या. ओपन सोर्समध्ये आत माया असते, आणि उसवायला कुणाची ना नसते. वर एक पद्धत अशी की तुम्ही काही बदल केलात तर तो बाकीच्यांना बघायला मोकळा ठेवायचा.

सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "सुमनताई, मी पुढच्या वेळी हेच सांगीन."

आणि भांडारात होत्या आक्का. भांडार काढलं त्यांनीच. मावळातल्या शेतकरी घरातल्या, नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू. दाराशी गोडेतेलाच्या पालथ्या डब्यावर बसायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. येणाऱ्याला "या", जाणाऱ्याला "सावकाश जा, निसरडं हाय." उन्हाळ्यातसुद्धा तेच. मे महिन्यात भर उन्हात निघालेल्या माणसाला "निसरडं हाय" म्हणायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "हस. पर पाय बगून टाक."

कॉम्प्युटर सुरू झाला त्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट. पडद्यावर त्या लिनक्सच्या पेंग्विनचं चित्र होतं. आक्का दुपारभर त्याच्याकडे बघून शेवटी म्हणाल्या, "ह्ये बदक काय काम करतं?" मी म्हटलं, "तेच बिल करतं." त्यांनी मान डोलावली. मग दिवेलागण झाली, दिवा लागला, आणि एक गिऱ्हाईक आलं मिठाला. काउंटरवरच्या मुलीनं पुडा उचलला, यंत्रापुढं धरला, पीं वाजलं.

"थांब," आक्का म्हणाल्या. "दिवा लागलाय."

आमच्याकडे दिवा लावल्यावर मीठ, सुई आणि केरसुणी घरातून बाहेर देत नाहीत. लक्ष्मी यायची वेळ. त्या वेळी घरातलं मीठ दारातून बाहेर गेलं की बरकत गेली, असं मानतात. कित्येक घरांत अजून पाळतात. आमच्या भांडारात पहिल्यापासून पाळलं जायचं.

मुलगी म्हणाली, "आक्का, कॉम्प्युटरनं घेतलं की."

"मंग त्याला कुनी सांगितलं नसंल. सांगा त्याला."

झालं. कॉम्प्युटरला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तो अख्खा पावसाळा मी त्यात घातला. सर फोनवर सांगायचे, मी कागदावर उतरवायची, मग यंत्रात भरायची. एखादा ठिपका राहिला तरी सगळं रुसून बसायचं. सर म्हणाले, "संध्याकाळची एक वेळ टाकून द्या, घड्याळ बघून आपोआप बंद होईल." मी आक्कांना विचारलं, किती वाजता टाकू?

"दिवा काय घड्याळावर लावत्यात व्हय गं? अंदार पडला की लावत्यात."

बरोबरच होतं. आमच्याकडे आषाढात जेवण होऊन हात वाळत नाहीत तोवर अंधार होतो. म्हणून मग बटण केलं. "दिवा लावला." जो दिवा लावेल त्यानं ते दाबायचं, की त्या तीन वस्तू बंद. सर म्हणाले, चुकून दाबलं गेलं तर मागे घ्यायलाही एक बटण ठेवा. तेही मी आक्कांना विचारलं.

"लावलेला दिवा कोन इजवतं?"

म्हणून मागे घ्यायचं बटण नाही. एकदा दाबलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा नवा दिवस उघडेपर्यंत मीठ बंद.

मी आयुष्यात लिहिलेला पहिला प्रोग्रॅम तो. पहिल्यांदा लाल चौकट आली तेव्हा मी आक्कांना हाताला धरून उठवून आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. आक्का पडद्याला म्हणाल्या, "आता शाना झाला." मी घरी जाऊन शिरा केला होता.

आक्का जाऊनही आता काही वर्षं झाली. डबा तिथंच आहे. त्यावर कुणी बसत नाही, आणि कुणी उचलून आतही ठेवत नाही.

तर तिवारी चहा पीत होते आणि घड्याळ बघत होते.

"मॅडम, बिलाशिवाय द्या ना. उद्या बिल करा."

"तुमच्या अकाउंट्सला चालेल?"

मग स्वतःच म्हणाले, "नाही चालत. गेटवर पण बिल बघूनच माल आत घेतात."

कमल माझ्या कानाशी आली. "मावशी, साखर म्हनून मारू का? भाव वेगळा हाय, पर नंतर बगू."

"अजिबात नाही. साखर गेली म्हणून लिहायचं आणि गोणी मिठाची द्यायची? एकदा खोटा आकडा स्टॉकमध्ये शिरला की वर्षभर शोधत बसशील."

"मंग ती प्रोग्रॅमातली वळ काढून टाका. तुमीच घातली, तुमीच काढा."

"तू काढतेस?"

"म्या? न्हाई बाई. आक्का सपनात येतील."

मी काउंटरमागं जाऊन बसले, अर्धं बिल होल्डवर ठेवलं आणि प्रोग्रॅमची ती फाइल उघडली. कित्येक दिवसांनी बघत होते. माझंच अक्षर असावं तसं वाटलं. कुठं कुठं मी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या, यंत्र त्या वाचत नाही, पुढच्या माणसासाठी असतात. एका ठिकाणी लिहिलं होतं, "इथून पुढे आक्कांचं."

काढायच्या ओळी मोजक्या होत्या. माऊस ओढून त्यांच्यावर निळा पट्टा आणला. आता फक्त एक बटण दाबायचं. आणि मी बसून राहिले.

भावनेनं आलेलं रडू वगैरे नव्हतं हो. धंद्याचीही शंका होती. त्या ओळी बाकी बिलाशी कुठं कुठं टाचलेल्या आहेत हे मला नीट आठवत नव्हतं. उसवताना भलताच टाका निघाला तर सगळं बिलच हातात यायचं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. म्हणून मी आधी ओट्यावर विचारायचं ठरवलं.

ओटा म्हणजे आमचं सोशल नेटवर्क. पूर्वी भांडाराचं पान आम्हीही सगळे जातात तिथंच काढलं होतं. एका दिवाळीत ते अचानक बंद झालं. का, ते कुणी सांगेना. विचारायचं कुणाला, तर समोर माणूसच नाही. फराळाच्या ऑर्डरी त्या पानावर अडकलेल्या. तेव्हा काळोखे सरांनी आम्हाला या दुसऱ्या प्रकारात आणलं. याला विकेंद्रित म्हणतात. म्हणजे असं बघा, गल्लीत प्रत्येकाच्या घराला आपापला ओटा असतो. आपण आपल्या ओट्यावर बसायचं, तिथून पलीकडच्या ओट्यावरच्या बाईशी बोलायचं. गल्ली कुणा एकाच्या मालकीची नसते. एकीनं आपलं दार लावलं तरी बाकीच्यांच्या गप्पा चालू. आमचा ओटा म्हणजे सरांच्या घरी कपाटावर ठेवलेला एक छोटा सर्व्हर. आंबीच्या भांडाराचा त्यांचा वेगळा. असे कुठं कुठं, आणि सगळे एकमेकांना हाक मारू शकतात. आमचा बिलाचा प्रोग्रॅमही यातल्या बऱ्याच जणींनी नेलेला, आपापल्या अंगाला बेतून घेतलेला.

मी लिहिलं: "कुणी दिव्याच्या ओळी काढल्या आहेत का? काढल्यावर बिल नीट निघतं का? गिऱ्हाईक बसलंय."

आधी पाटणच्या बाजूच्या एका दुकानदारांचं उत्तर आलं. "आम्ही काढल्या. त्यानंतर महिनाभर बिलाची बेरीज चुकत होती. जपून."

माझा हात बटणावरून बाजूला झाला.

मग आंबीहून विमलचं आलं. विमल आंबीच्या भांडाराची व्यवस्थापिका. माझ्याहून लहान, तोंडानं तिखट.

"कुसगावच्या बाया अजून मीठ कोंडून बसल्यात व्हय?"

आणि मी काही उत्तर द्यायच्या आत तिचा फोन आला.

"ताई, काय काढू बिढू नकोस. थांब."

"विमल, माणूस खोळंबलाय. हॉटेलचा आहे. सगळं भांडार त्याच्यावर आहे."

"म्हनून तर म्हनते थांब. आमच्यात दिव्याचं बटन हाय तसंच हाय. पर त्याच्या फुडं आजून एक हाय."

"कसलं?"

"तेल घातलं."

मला काही कळेना. विमल सांगायला लागली. आंबीला कारखाने आहेत. तिथं कामाला जाणाऱ्या बायका शिफ्ट सुटली की गेटवरून थेट भांडारात. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला, दिवा लागलेला. रोज कुणीतरी मिठाला यायची आणि लाल चौकट बघून परत जायची.

"येक बाई मला म्हनली, तुमच्या लक्षुमीसाठी माज्या पोरांनी आळनी खायाचं व्हय? मला लय लागलं गं. मी काढनारच व्हते त्या वळी. पर म्हनलं, ज्यांनी घातल्या त्यांना इचारावं. म्हनून गेले आक्कांकडं."

"कधी?"

"दवाखान्यात व्हत्या तवा. मोसंबी घिऊन गेलते. तू तितंच व्हतीस की, पर डॉक्टरांकडं गेलतीस."

मी खुर्चीत मागे टेकले.

"मग? काय म्हणाल्या?"

"पयलं तर मला म्हनल्या, आंबीहून आलीस, गाडी मिळाली का. मग म्या सांगितलं समदं. डोळं मिटून घेतलं. मला वाटलं झोपल्या. मग म्हनल्या, विमल, दारात आलेल्या उपाश्याला न्हाई म्हनलं तर लक्षुमी थांबती व्हय गं? पर दिव्याचा मान बी ऱ्हायला पायजे. तर आसं कर, ज्याला मीठ पायजे त्याला सांग, दिव्यात पळीभर तेल घाल आन् मीठ ने. म्हंजी लक्षुमी घरातनं चालली न्हाई. जेवून बसली."

"आणि तू मला हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! ओट्यावर टाकलं व्हतं, बदल केलाय, ज्याला पायजे त्यानं न्यावा. तू तवा रातंदिस आक्कांच्या उशाशी. तुजं ध्यान कुटं व्हतं ओट्यावर?"

ते खरं होतं. त्या दिवसांत मी फोनसुद्धा हातात धरला नव्हता. आणि नंतर, आक्का गेल्यावर, मागचं काय काय वाचायचं राहिलंय हे बघायचं मनच झालं नाही.

"घे उतरवून," विमल म्हणाली. "तुजंच हाय. मी नुस्तं येक बटन जोडलंय. आन् ताई, त्या हॉटेलवाल्याला सांग, तेल त्यानं सोता घालायचं. तू घालून दिलंस तर चालनार न्हाई. आक्कांनी बजावलंय."

मी जुनी प्रत बाजूला ठेवली. ही सरांची शिकवण, की नवं चढवायच्या आधी जुनं जपून ठेवायचं. मग विमलची प्रत उतरवली, चढवली, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. मधे एकदा लाइट लुकलुकली. कमल पुटपुटली, "आता नगं बाई, आता नगं." इन्व्हर्टरनं सांभाळलं. होल्डवरचं बिल जसंच्या तसं परत आलं. तांदूळ, डाळ, साखर, पोहे, तेल. कमलनं मिठाचा कोड टाकला.

लाल चौकट आलीच. पण तिच्याखाली आता एक छोटं हिरवं बटण होतं. "तेल घातलं."

मी तिवारींना सगळं सांगितलं, जसं विमलनं मला सांगितलं तसं. मनात म्हटलं, आता हे हसणार. पर्चेसची माणसं, दिवसभर भाव पाडणारी. म्हणतील, मॅडम, मी काय इथे पूजेला आलोय?

तिवारींनी चहाचा कप खाली ठेवला. न सांगता बूट काढले. खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला.

"आमच्या घरी पण," ते म्हणाले, "आई संध्याकाळी नमक नाही द्यायची. शेजारणीला म्हणायची, सुबह आना बहन. मग ती शेजारीण बसायची गप्पा मारत, आणि आमचीच भाजी घेऊन जायची." ते हसले. "किती वर्षांनी आठवलं."

कमलनं त्यांच्या हातात पळी दिली. त्यांनी वाकून, दुसरा हात खाली धरून, एकही थेंब न सांडता समईत तेल घातलं. वात जरा मोठी झाली. कमलनं हिरवं बटण दाबलं.

चौकट गेली. तिच्या जागी काही अक्षरं आली, पांढऱ्यावर निळी. ती विमलनं तिच्या मनानं टाकलेली. मला तिनं याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

कमल मोठ्यानं वाचायला लागली. "मीठ न्या. सावकाश..." आणि थांबली.

मी पुढं वाचलं. "सावकाश जा, निसरडं हाय."

प्रिंटर आपला करकर करत बिल काढत राहिला. तिवारींनी आमच्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. भली माणसं असं काही विचारत नाहीत.

मिठाच्या गोणी आम्ही त्यांच्या हातात दिल्या नाहीत. मीठ एकमेकांच्या हातात देत नाहीत, भांडण होतं. उंबऱ्याशी आणून ठेवल्या, त्यांच्या ड्रायव्हरनं उचलून गाडीत टाकल्या. गाडी धुक्यात शिरली, मागचे लाल दिवे वळणापर्यंत दिसले. मी दारात उभी होते. शेजारी तो तेलाचा पालथा डबा. काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यावर बसले. कमल बघत होती. म्हणाली, "बसा मावशी. चा टाकते."

आता निकाल सांगते. तिवारींच्या हॉटेलात त्या रात्री जेवण आळणी झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की शेफनं मिठाची गोणी उघडायच्या आधी विचारलं, इतक्या धुक्यात आणलंत कुठून? सभेच्या आधी हॉटेलचं पत्र आलं. भाजी आणि दूध नाही, ते त्यांचं ठरलेलं आहे, पण कोरडा किराणा आमच्याकडून. अध्यक्षाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मग गाळा ठेवू या." स्कूटरवाल्यानं पलीकडचा गाळा घेतला. आता त्याच्या स्कूटरी आमच्या दारात उभ्या असतात, त्यावरून रोज वाद. कमल त्याला पुरून उरते.

विमलला मी ओट्यावर सगळ्यांसमोर लिहिलं, "आंबीच्या बटणानं कुसगावचं भांडार वाचलं." तिचं उत्तर: "मंग आमाला त्या हॉटेलातलं जेवन कदी?" अजून दिलेलं नाही. तिवारींच्या कानावर घातलंय.

पाटणच्या त्या दुकानदारांनीही विमलची प्रत उतरवून घेतली. त्यांच्याकडं दिवा लावायची पद्धत आहे, पण आक्का कोण हे त्यांना माहीत नाही. त्यांनी विचारलं, "निसरडं हाय ते का लिहिलंय? आमच्या दारात तर फरसबंदी, निसरडं होत नाही. काढलं तर चालेल का?" मी म्हटलं, काढा की, त्यासाठीच तर आत माया ठेवलीय. चार दिवसांनी त्यांचंच आलं, "राहू दिलं. गिऱ्हाइकं वाचून हसतात आणि जपून जातात."

तिवारी आता सहसा सकाळीच येतात. संध्याकाळी उशीर झालाच तर येताना तेलाची छोटी बाटली घेऊन येतात. आमचं तेल आम्हाला विकत घ्यावं लागत नाही, असं कमल म्हणते. धंद्यात एवढंही पुष्कळ.

इतक्या वर्षांत मी एकच शिकले. एकदा लिहिलेली ओळ पुसायच्या आधी चार जणांना विचारून घ्यावं. पुष्कळदा तिची दुरुस्ती कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते, आपलं लक्ष नसतं एवढंच. आणि तुम्ही कधी कुसगावला आलात, मीठ हवं असलं, तर अंधार पडायच्या आत या. नाहीतर पळीभर तेल घालायची तयारी ठेवा. आणि जाताना पाय बघून टाका.